शेंदराखालचा नंबर

लोखंड कधी खोटं बोलत नाही. त्यावर काय कोरलंय ते वाचायला मात्र आधी ते घासावं लागतं, आणि उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरचं ते लोखंड घासायला देवीची परवानगी लागत होती.

ते इनटेक मॅनिफोल्ड होतं. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतं, ते मिश्रण आठही सिलिंडरांना वाटून देणारा हा बिडाचा सांगाडा. पाड्यावर तो देवीपुढे उलटा ठेवलेला होता. आठ तोंडं, आठ पणत्या. कधीकाळी घाटात एक अमेरिकन गाडी बंद पडली, मालक परतला नाही, आणि ज्याला जे उचलता आलं ते त्याने नेलं. दर जत्रेला लोक हे धूड धुऊन त्याला सगळीकडून शेंदूर-तेल चोपडत.

माझं वर्कशॉप शहापूरला, हायवेवर. कामं बहुतेक ट्रकची. पण तरुणपणी मी मुंबईत परदेशी गाड्यांच्या गॅरेजमध्ये होतो. म्हणून मुरबाडचे एक फार्महाउसवाले शेठ माझ्याकडे आले. नव्वदच्या दशकात तिकडे भातशेतीपेक्षा फार्महाउसं जोमात होती. शेठकडे साठीच्या दशकातली, दोन दारांची, प्रचंड इंजिनाची गाडी होती. तिचा मॅनिफोल्ड तडकला होता. पंधरा दिवसांवर व्हिंटेज रॅली, आणि शेठना ‘सर्व भाग मूळचे’ या गटात पहिला नंबर हवा होता. एका ट्रक ड्रायव्हरकडून मी पाड्यावरच्या या दिव्यांबद्दल ऐकलं होतं. मी शेठना तिथे घेऊन गेलो.

शेठनी बदल्यात पितळी समई देऊ केली. देवीचे भगत गोविंददादा म्हणाले, कौल लावू. देवीच्या दगडाला दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होकार. डावा पडला. शेठनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावा.

“पितळ नको बोलते,” गोविंददादा म्हणाले. “चोर नेतील. ह्यो इंजिनाचा पार्ट हाये म्हणून इतकी वर्सं कोनी नेला नाय.”

मी पणत्यांसाठी लोखंडी पाइपचे आठ तुकडे जोडून स्टँड करून द्यायचं कबूल केलं. उजवा पडला.

मग मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. ओतकामाचा नंबर जुळला. कार्बोरेटर बसायची जागा जुळली. पुढे तारीख निघाली. त्या कंपनीत महिन्याला अक्षर असे. जानेवारीला पहिलं, डिसेंबरला बारावं. हे बारावं होतं.

“शेठ, गाडी ऑगस्टची. हा त्याच सालच्या डिसेंबरचा. मूळचा नाही.”

“मिस्त्री, कौल मिळालाय.”

“कौल द्यायचा की नाही याचा होता. तारीख कोणी विचारली नव्हती.”

“देवी चुकीचा पार्ट देईल का?”

गोविंददादांनी तंबाखू मळत सांगितलं, देवी गॅरंटी देत नाय. शेठनी मला मात्र पुढे घासायला मनाई केली. देवीची कृपा म्हणून त्यांना थोडा शेंदूर त्यावर राहू द्यायचा होता. मी रिपोर्टात लिहिलं: ‘योग्य जातीचा, नंतरच्या तारखेचा.’ मूळचा असं लिहायला नकार दिला. शेठनी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. तो तिथेच राहिला.

रॅलीला मी गेलो, कारण गाडी वाटेत बंद पडली तर माणूस हवा होता. तीन परीक्षक होते, तिघेही हॅटवाले. त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठांनी बॉनेटखाली टॉर्च मारला. तारखेकडे पाहिलं नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेल्या नारिंगी रंगाकडे पाहिलं आणि हॅट काढली.

ती इंजिनं कारखान्यातून नारिंगी रंगातच निघत.

“ओरिजिनल पेंट,” ते हळूच म्हणाले. “इतक्या वर्षांनी.”

शेठ माझ्याकडे बघेनात. मी म्हणालो, “साहेब, हा शेंदूर आहे. देवाला लावतात तो.”

“मराठीत काहीही म्हणा,” ते म्हणाले, “कारखान्यात हाच मारायचे.”

पहिला नंबर मिळाला. प्रमाणपत्रात कारण दिलंय: कारखान्याचा मूळ रंग शाबूत. तेव्हापासून मी परीक्षकांना आपण होऊन काही सांगत नाही.

गोविंददादा तो ‘मूळ रंग’ कसाऱ्याच्या बाजारातून आणत. तेल वेगळं घ्यावं लागे.