फोनवरची भातपूजा

माझ्या पत्रिकेत कडक मंगळ आहे. त्यानं माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं बंदुकीनंही केलं नाही. मंगळानं म्हणजे खरं तर आमच्या बाबांनी.

लेबनॉनमध्ये शांतिसेनेच्या ड्यूटीवर होतो. कॅम्पाखालच्या गावात एक बेकरी होती. तिथली मुलगी मला आवडली आणि तिला मी. इंग्रजी दोघांचंही तोडकंमोडकं. तिथल्या रोटीला मी लोणचं लावून तिची पोळीसारखी गुंडाळी करायचो, आणि ती पोट धरून हसायची. फौजेत असल्या भानगडींना सक्त मनाई. तरी मी घरी फोन करून सांगून टाकलं. आई रडली. बरेच दिवस उज्जैनच्या, नानाखेड्याच्या घरातून माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मग बँकेतून रिटायर झालेले बाबा एकदम म्हणाले, "ठीक आहे. पण मंगळाची भातपूजा झाल्याशिवाय लग्न नाही. दोघांनी जोडीनं बसायचं. फोनवर चालेल, मी पंडितजींना विचारलंय."

कुठून कुठून लोक मंगळ उतरवायला उज्जैनला येतात, मग आमचे बाबा घरचा मुलगा कसा सोडतील.

तिला कॅम्पात आणणं शक्य नव्हतं. म्हणून मंगळवारी सकाळी मीच वर्दीत, गुपचूप बेकरीत गेलो. फोन मैद्याच्या पोत्याला टेकवला. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली. तिकडे उज्जैनला मंगळाच्या देवळात पंडितजी पिंडीवर भात लिंपत होते, इकडे आम्ही हात जोडून बसलेलो. नेमके तेव्हाच आमचे साहेब पाव घ्यायला आले. मी ताडकन उभा राहिलो.

"यजमान, बैठ जाइए, पूजा चालू है," पंडितजी फोनमधून खेकसले.

साहेबांनी टोपी काढली. पूजा संपेपर्यंत उभे राहिले, तिनं प्रसाद म्हणून दिलेला पाव खाल्ला आणि मला गाडीत घातलं. आठवड्याभरात माझी परत पाठवणी झाली, पुढे नोकरीही गेली. पलटणीत हा किस्सा अजून हसून सांगतात म्हणे. बाबांचा मला इतका राग आला होता की समोर बसून जेवायचो नाही.

तरी तिचा फोन रोज यायचा. लग्न इथंच करायचं ठरलं. बाबा फ्रीगंजच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी साडी घेऊन आले, आईला न विचारता.

मग तिकडे पुन्हा लढाई पेटली. बेकरीवर बॉम्ब पडला, ती गेली, तिला पुरलंही. तिच्या भावानं फोनवर तेवढंच सांगितलं आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला रामघाटावर घेऊन गेले. मी चिडलो. "तिच्या माणसांनी तिला त्यांच्या रीतीनं पुरलंय, बाबा. तुम्ही हे कशाला करताय?"

त्यांनी ऐकलं नाही. पाण्यात उतरून ओंजळीत तीळ घेतले. घाटावरच्या पंड्यानं मंत्र थांबवून तिचं गोत्र विचारलं. तिला कुठलं गोत्र असणार?

बाबांनी आमचं गोत्र सांगितलं. "बहू है हमारी," म्हणाले, आणि पाणी सोडलं.