दोन बोटं सैल

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात तसे किस्से साठत जातात. कितीही झाडा, चार उरतातच. भोरच्या पेठेत एका कापडदुकानाच्या ओट्यावर माझं मशीन होतं. आत गादीवर शेठ, लुगडी उलगडून दाखवायला नाना आणि बाहेर मी. लढाईचे दिवस, कापडाला कंट्रोल, त्यामुळे कापड थोडं आणि गप्पा फार. त्या गप्पांत आमचा एक खास खेळ असायचा. तो सांगताना आजही मान खाली जाते, पण सांगतो.

दुकानात आलेली बाई पोटुशी आहे का आणि कितवा महिना, हे तिच्या खरेदीवरून ओळखायचं. हरेल त्यानं चहा पाजायचा. नानाची खूण लुगडं. बाईनं काठपदर सोडून आधी पोत चाचपला, लुगडं गालाला लावून पाहिलं, की नाना मला डोळा मारायचा. माझी खूण चोळी. पोट मागाहून दिसतं, चोळी आधी काचते. नवऱ्याच्या आधी शिंप्याला कळतं, असं मी छाती फुगवून सांगायचो!

* * *

किकवीचा एक तरणा शेतकरी आला. लुगडं हवं म्हणाला. कुणासाठी, तर आईसाठी. नानानं म्हातारीला शोभेल असं काळपट लुगडं काढलं. तो म्हणे, जरा मऊ दाखवा, अंगाला टोचायला नको, आणि रंग हिरवा असला तरी चालेल. वर माझ्याकडे वळून म्हणाला, चोळी सैल शिवा, आईचं अंग हल्ली भरलंय. आम्ही तिघं गंभीर तोंडानं माना हलवत राहिलो. बिचारा घाम पुसत गेला.

पुढच्या बाजाराला त्याची आईच दुकानात आली. हिरवं लुगडं नीट बसतंय ना, असं नानानं मुद्दाम विचारलं. कुठलं लुगडं, म्हणून तिनं विचारल्यावर सगळं सांगून मोकळाही झाला.

म्हातारी खाली टेकली. मग म्हणाली, "म्हंजी मला नातवंड हुनार, आन् ह्ये मी दुकानात ऐकायचं."

आम्ही गादीवर लोळून हसलो. ती मात्र हसली नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं.

* * *

सारोळ्याची एक सासू चोरचोळीचा खण न्यायला आली. दिवस राहिल्याचं चारचौघांत फुटायच्या आत सुनेला गुपचूप द्यायची ती हिरवी चोळी. बाईनं नानाच्या अगदी जवळ जाऊन, हलक्या आवाजात हिरवा खण मागितला. नानानं तिथूनच शेठना हाक दिली, "शेठ, चोरचोळीचा खण काढा!"

दुकानात तिच्या भावकीतल्या दोघी बसलेल्या. त्या खरेदी टाकून आधीच्या मोटारीनं गेल्या, ही मागच्या मोटारीनं. सारोळ्यात उतरून घरी पोचली तेव्हा सुनेकडे पेढे मागायला बाया दारात बसल्या होत्या. खण अजून पिशवीतच होता.

* * *

पालीहून आलेल्या एका बाईनं विचारलं, जुनं लुगडं मिळेल का? नव्या कापडाच्या दुकानात जुनं! शेठ म्हणाले, बाई, बोहारणीकडे जा. आम्हाला हसू आवरेना.

ती शांतपणे म्हणाली, "नव्याची खळ बाळाला काचती वो. धुऊन धुऊन मऊ व्हायला सा म्हयनं लागत्यात. माज्याकडं तीनच हायेत."

ती पायऱ्या उतरून गेली. नाना म्हणाला, सहावा. मीही सहावाच म्हणालो. तिनंच सांगून टाकल्यामुळे त्या दिवशी चहा कुणीच पाजला नाही, याचं आम्हाला वाईट वाटलं. तिला एक मऊ धडुतं शोधून द्यावं, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

* * *

हे सगळे किस्से मी घरी जेवताना माझ्या बायकोला, सरूला सांगायचो. आधी ती हसायची.

आमच्या घरी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. दुसऱ्या वेळी तिसरा महिना लागताच मी आनंदाच्या भरात साऱ्या पेठेला सांगितलं होतं. पंधरा दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर समाचाराला बायांची रीघ लागली. पुढं कित्येक महिने सरू बाकीच्या बाया परतल्यावरच नदीवर धुणं न्यायची. मला ती एका शब्दानं बोलली नाही. आणि मी, लाज नसल्यासारखा, रोज नवा किस्सा घेऊन पाटावर बसत होतो.

* * *

वेल्ह्याकडची काशीआक्का भोरच्या बाजाराला तूप विकायला यायची आणि दुपारी आमच्या घरी टेकायची. एका बाजारी ती दुकानावर आली. हातात एक जांभळा खण आणि तीन गाठी मारलेली सुतळी. छातीची, दंडाची आणि पाठीची अशी मापं त्या गाठींत होती.

"आमच्याकडची हाय एक. गाठीवर शीव, पर दोन बोटं सैल. नाव इचारू नगंस."

नानानं विचारलं, नवऱ्याला का नाही पाठवलं? आक्का माझ्या सुईकडे बघत म्हणाली, "नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. म्हून चोरून."

कोण असेल बुवा असला नवरा, म्हणत आम्ही हसत सुटलो. सगळ्यांत जास्त मी. सुतळी हातात धरून मी म्हणालो, चौथा. नाना म्हणाला, पाचवा. चहाची पैज लागली. शिवताना जांभळा दोरा संपला, नवं रीळ कुठं मिळेना, म्हणून डाव्या बाहीला लाल दोरा घातला.

घरी गेल्यावर मी आक्काच्या नकलेसकट, पैजेसकट सगळं सरूला सांगितलं. ती हसली नाही. भाकरी वाढत एवढंच विचारलं, "शिवलीत का मग?"

"शिवली की. दोन काय, तीन बोटं सैल."

आठएक दिवसांनी सकाळी मी न्याहारीला बसलो होतो. फळीवरचा डबा काढायला सरूनं हात वर केला आणि पदर घसरला. डाव्या बाहीवर लाल दोरा होता.

माझा घास हातातच राहिला. मी कुठं बघतोय ते तिनं पाहिलं. डबा खाली ठेवला, पदर सावकाश ओढून घेतला.

"नानास्नी सांगा, चौथाच हाय," ती म्हणाली. "च्या त्यांच्याकडं."