टिटवीचा फोटो

इंद्रायणीच्या काठाने रविवारी सकाळी पक्षी दाखवायला नेतात, तिथे तो मला एकदाच भेटला. नाव विचारावंसं वाटलं नाही. अंगात लष्करी ठिपक्यांचे कपडे, खांद्यावर तोफेएवढी लेन्स. कोणी कुजबुजलं की ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायचा. स्वतःचा फोन आला तेव्हा मात्र पलीकडच्या काठालाही ऐकू जाईल असा बोलला.

काठावरच्या गोट्यांत टिटवीची अंडी होती. आम्हाला फिरवणाऱ्या भाजे गावच्या ताईंनी ती लांबूनच दाखवली आणि त्या पुढे निघाल्या. हा तिथेच अंड्यांना खेटून मांडी घालून बसला. टिटवी किंचाळत त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली.

ताई मागे आल्या. “सायब, उठा आता. तुमी हितं असल्यावर ती अंड्यांवर बसनार न्हाई. ऊन लय वाढलंय, अंडी नासतील.”

“दोन मिनिटं हो. चिडली की पोज मस्त देते ती.”

ताई सरळ लेन्सपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो ताई, फ्रेममध्ये येताय तुम्ही!”

“व्हय. म्हनूनच आले.”

तो चरफडत उठला. टिटवी अंड्यांवर परतली का, हे बघायलासुद्धा थांबला नाही.

नंतर चहाच्या टपरीवर त्याने सगळ्यांसमोर मोबाईल धरला. फोटोत टिटवीची चोच वासलेली होती, पंख ताणलेले होते. तेवढ्यात त्याने तो सगळीकडे टाकलाही होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आईची माया’.