मागे येणारी गाडी

डोंगरातली सायकल शर्यत कठीण का असते, असं विचारलं की लोक चढ, दगड आणि ऊन यांची नावं घेतात. ते सगळं आहेच. पण माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड म्हणजे मागून येणारी घरची गाडी.

मागच्या वर्षी इंदूरच्या दक्षिणेकडच्या घाटात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत मी उतरलो. वय पन्नास. आमच्या राजेंद्र नगर कॉलनीत ही बातमी मी स्वतःच इतकी पसरवली होती की दूधवालाही माझ्या पायांची चौकशी करायचा. आमच्याकडे कोणी एकट्याने काही करत नाही; शर्यतसुद्धा सहकुटुंब. बायको, मेव्हणा, सतरंजी, पुऱ्यांचा डबा आणि शेव असा सगळा लवाजमा गाडीतून निघाला. कच्ची वाट जिथे जिथे सडकेला भेटे, तिथे झाडाखाली सतरंजी अंथरलेली असायची आणि मेव्हणा हजर.

"जीजाजी, दो मिनट बसा तरी! इतनी क्या जल्दी आहे?"

पंच्याऐंशीव्या किलोमीटरला मी बसलो. मग तो म्हणाला, "सायकल डिक्कीत येते आपली. किसको पता चलेगा?" मी गाडीत चढलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं, कारण सांगत फिरला तोच.

यंदा मी घरात जाहीर केलं, कोणीही यायचं नाही. बायको नुसती "बरं" म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला ते लागलंच.

पंच्याऐंशीव्या किलोमीटरला तोच चढ आला आणि पिंडऱ्यांत गोळे आले. उतरून सायकल ढकलायला लागलो आणि, खोटं कशाला बोलू, मागे वळून पाहिलं. एकदा नाही, तीनदा. गाडी दिसली असती तर मी हात केला असता. खालची सडक रिकामी होती. मला बायकोचा भयंकर राग आला. एरवी माझं एक ऐकत नाही, आजच कुठून हा आज्ञाधारकपणा? पण गाडीच नाही म्हटल्यावर इलाज नव्हता. ढकलत राहिलो.

वेळ संपायला सात मिनिटं असताना पोहोचलो. मंडपापाशी बायको उभी होती. चपला धुळीने माखलेल्या, केसांत बाभळीचा पाला.

"तू कधी आलीस?"

"सुबह से मागेच होते. तुम्ही चढावर वळून बघत होतात ना, तेव्हा गाडी बाभळीआड लावली होती. आमचा भैया गाडी पुढे काढायला निघाला, तर त्याच्याकडून चाबीच काढून घेतली."

"मग हाक नाही मारायची?"

"मारली असती तर बसला असतात."

तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"दोनदा पाहिलंत तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा बघवेना, म्हणून मी डोळेच मिटून घेतले."