एक जूनची लेकरं

‘‘दोन-दोन डेटाबेस कशाला करायलात तुम्ही?’’ सरांनी दारातूनच विचारलं.

सर म्हणजे लातूरच्या त्या कोचिंग क्लासचे मालक. त्यांच्या क्लासचं सॉफ्टवेअर करून द्यायचं काम मी आणि माझ्या मित्रानं घेतलं होतं. क्लासच्या मागच्या खोलीत, प्रश्नसंचांच्या गठ्ठ्यांत, आम्ही आमचं बस्तान मांडलं होतं. मी म्हणाले, ‘‘सर, बोर्डाच्या पेपरला तुम्ही पोरांना थेट बसवता का? आधी सराव परीक्षा घेता ना? तसा हा सरावाचा डेटाबेस. काय चुका व्हायच्या त्या इथं होऊ द्या. खऱ्याला आम्ही तोवर हातसुद्धा लावणार नाही.’’

लातूरच्या माणसाला सराव परीक्षा म्हटलं की पुढं समजावत बसावं लागत नाही. सर खूश झाले आणि त्यांनी आमच्या खोलीत एक पंखाही लावून दिला. माझं काम मला चांगलं येतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि तसं वागायला मी लाजत नसे.

मित्र नांदेडचा, कॉलेजपासूनचा. तिथल्या मुख्य चौकाजवळ त्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान. हुशार, पण अस्सल शहरी. एकच विद्यार्थी दोनदा चढू नये म्हणून त्यानं सरावाच्या डेटाबेसला एक नियम घातला. नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही जुळली तर ती नोंद परत पाठवायची. वडिलांचं नाव त्यानं मुद्दाम वगळलं, कारण एकाच बापाच्या नावामागं एका कागदावर राव असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

‘‘न्हाई चालायचं हे,’’ मी म्हणाले. ‘‘आमच्याकडं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय.’’

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. त्याच्या अब्बांनी तो झाला तेव्हा घड्याळात बघून वेळ लिहून ठेवलेली. आमच्याकडं लेकरू सहा-सात वर्षांचं दिसलं की गुरुजी त्याला शाळेत बसवत आणि दाखल्यावर एक जून लिहून मोकळे होत. मीसुद्धा एक जूनचीच. आई म्हणते, मी झाले तेव्हा शेतात हुरडा होता. मी चौथीत असताना भूकंपात आमची शाळा पडली, तिच्यासोबत दाखले गेले. मग सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागलं, तिथंच भरणाऱ्या शाळेत गुरुजींनी सगळ्यांचे दाखले नव्यानं केले, तेव्हा ज्यांची तारीख चुकून खरी होती तेही एक जूनचे झाले.

‘‘अरे यार, तारीख सारखी असू दे. पण नाव बी सारखं, आडनाव बी सारखं?’’ तो म्हणाला. ‘‘लाव चहाची पैज.’’ मी लावली.

क्लासमध्ये दरवर्षी काही जागा फुकट असत. त्यासाठी दहावी झालेल्या मुलांची परीक्षा व्हायची आणि अहमदपूर, चाकूर, पार देगलूरहून अर्ज यायचे. ते अर्ज आम्ही सरावाच्या डेटाबेसमध्ये चढवून पाहिले. काही नोंदी परत आल्या. बहुतेक खरोखरच दुबार होत्या. एक मात्र माझ्याच तालुक्यातल्या, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावातली होती. मुलीचं नाव, आडनाव, पत्ता, मोबाईल सगळं आधी चढलेल्या एका अर्जासारखं. तारीख अर्थातच एक जून. वडिलांचं नाव तेवढं वेगळं.

सरांनी ते पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. ‘‘बोगस! एक फॉर्म बापाच्या नावानं, एक चुलत्याच्या. दोन्ही कापा. लई बघितले असले.’’

त्यांनी खरंच बघितले होते, त्यामुळं त्यांना दोष देत नाही. पण मला राग आला. त्या गावातल्या पोरीला फुकट जागा मिळाली तर लातूर, नाही तर शिक्षण तिथंच संपणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘‘आमच्या नियमामुळं कुणाला कापू नका, सर,’’ मी म्हणाले आणि त्यांच्या समोरच त्या मोबाईलवर फोन लावून स्पीकर चालू केला.

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. मी मुलीचं नाव घेतलं.

‘‘हाव. कोन्ती पायजे? थोरली का धाकटी?’’

मी सरांकडं पाहिलं. त्यांना काही पटलेलं दिसलं नाही. ‘‘बोलवा दोघींना,’’ ते म्हणाले. ‘‘बघू तरी.’’

त्या येईपर्यंत मी मित्राचा नियम काढून टाकला. प्रत्येक अर्जाला आपला स्वतंत्र क्रमांक दिला आणि दुबार वाटणारी नोंद परत न पाठवता फक्त बाजूला दाखवायची, निर्णय माणसानं घ्यायचा, असं केलं. मित्र चहा सांगायला गेला. जाताना म्हणाला, ‘‘तुमच्याकडं लोक जन्मतात का छापून निघतात?’’

दुसऱ्या दिवशी औशाच्या बसनं दोघी आल्या. चुलत बहिणी, वेण्या सारख्याच घट्ट, चेहरेही बरेच मिळते. थोरलीचा बाप सोबत होता, तो दाराशीच उभा राहिला. सरांनी दोघींचे दाखले शेजारी शेजारी ठेवले.

‘‘जन्मतारीख गुरुजींनी लिहिली, मान्य,’’ सर म्हणाले. ‘‘पण नाव तर घरच्यांनीच ठेवलं ना? एका घरात दोन पोरींना एकच नाव? कुणाचा इश्वास बसंल?’’

थोरली पायाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडणार ही, आणि मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटी सरळ सरांकडं बघून म्हणाली,

‘‘भूकंपात आज्जी गेली, सर. मंग आम्ही दोघी शेडमधी झालो. दोन्ही लेकांना आईचं नाव पायजे होतं. आज्जी तर एकच होती.’’

दाराशी उभ्या असलेल्या बापानं तोंड फिरवलं. सरांनी दोन्ही दाखले एकावर एक ठेवले. मग माझ्याकडं न पाहता हळूच म्हणाले, ‘‘घ्या दोघींना. खऱ्यात घ्या.’’

माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला मी थांबले नाही. खऱ्या डेटाबेसमध्ये मी त्या आज्जीचं नाव एकदा लिहिलं, आणि त्याच्याखाली पुन्हा एकदा लिहिलं.