वानखडे मॅडमची बरणी

समस्त वाचकांनी कृपया सावरून बसावं. चहाचा कप खाली ठेवावा. एक अत्यंत गंभीर निवेदन होत आहे. अमरावतीच्या राजापेठेत राहणारा, उभा जन्म पोरांना गणित शिकवण्यात घालवलेला, लग्नाकार्यात माईक हातातून न सोडणारा हा इसम — म्हणजे मी — आज अशी गोष्ट सांगणार आहे, जी त्यानं आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि माझ्या बायकोला तुम्ही ओळखत असाल, तर प्रकरण किती मोठं आहे ते ध्यानात येईल.

मी चार वर्षं मालदीवच्या एका बेटावर शिकवायला होतो. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगत सुटलोय. बोटीतून धक्क्यावर पाय ठेवताना टाय, बूट आणि प्रमाणपत्रांच्या फाईलसकट समुद्रात पडलो, तो किस्सा. स्वागताला उभ्या असलेल्या पोरींनी तरीही गाणं पूर्ण केलं, तो किस्सा. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला भाजीत मासा, चटणीत मासा आणि मोठ्या आशेनं उचललेल्या समोशातही मासा — तो तर मी साभिनय करतो. लोक हसतात. हसले की पुढचं विचारत नाहीत. सोय आहे ती.

पुढचं काय? सांगतो. पण जरा फिरून जाऊ द्या मला.

बायको इथं, पोरगी अकोल्याला कॉलेजात, आणि मी तिकडे. चारी बाजूंनी पाणी. सुट्टीच्या दिवशी बायको फोन कढईजवळ धरायची. "अवो, आयकू येते का? फोडनी देऊन राहिली मी!" मोहरी तडतडायची, आणि मी डोळे मिटून फोनमधून वास घ्यायचा प्रयत्न करायचो. हसू नका. — बरं, हसा. मीही हसायचो. मग फोन बंद झाला की भिंतीकडे बघत बसायचो. घराची आठवण पोटात येते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या खोलीत वानखडे मॅडम राहायची. विज्ञान शिकवायची. वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटची, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. संत्र्याची बाग, घरी भाऊ, भावजय आणि माय. मला भाऊ म्हणायची. उन्हाळ्यात घरून येताना ती आंब्याच्या लोणच्याची एक बरणी आणायची, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. तिच्या मायचा हात असा, की आळीतल्या बायका आपापले आंबे फोडून तयार ठेवायच्या आणि मीठ घालायला तिलाच बोलावायच्या. तिनं मीठ घातलेल्या लोणच्याला बुरशी येत नाही, अशी ख्याती होती. मॅडम हे सांगताना ताठ बसायची.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती मला एक फोड द्यायची. एकच.

"पुढचे आंबे येईपर्यंत पुरवा लागते, भाऊ. अशे डोळे नोका करू."

मी खरंच डोळे करायचो. गयावया करायचो, हात जोडायचो, सगळं नाटक. ती हसायची आणि झाकण लावायची.

मग एक दिवस गावाहून फोन आला — माय सीरियस आहे. पुढच्या बोटीनं मॅडम निघाली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. समुद्राच्या हवेनं बंद खोलीत ओल धरते, रोज थोडा वेळ खिडकी उघडा, म्हणाली. मी म्हटलं, काही काळजी करू नको.

पहिल्या दिवशी मी खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि बरणीचं झाकणही. फक्त वासासाठी — शपथेवर सांगतो. मोहरी, मेथी, हिंग, तेल. माझं अख्खं स्वयंपाकघर त्या बरणीत होतं. तिसऱ्या दिवशी एक फोड. चौथ्या दिवशी मी माझ्या खोलीतून भात करून ताटच घेऊन गेलो.

इथपर्यंत तुम्ही मला माफ केलं असेल. भुकेला माणूस, परदेश, लोणचं — गंमतच आहे. एवढंच असतं, तर हाही किस्सा मी माईकवर सांगितला असता. नाही का?

सहाव्या दिवशी फोन वाजला, तेव्हा मी तिच्याच खोलीत, उघड्या खिडकीशी, ताट मांडीवर घेऊन बसलो होतो. "भाऊ, माय गेली," ती म्हणाली. "शाळेत सांगा, मले अजून रजा पायजे." मी म्हटलं, धीर धर बाई. आणखीही बरंच म्हटलं, मला बोलता येतं. फोनला तेल लागलं होतं. बरणी अर्धी उरली होती.

आणि मग? — मग मी ताटातला भात संपवला.

पुढच्या पंधरा दिवसांत उरलेली अर्धी बरणीही संपवली. हे आहे ते. ती मायच्या हातची शेवटची बरणी आहे, पुन्हा तसं लोणचं जगात कुठं होणार नाही, हे मला कळत होतं. कळत असताना खाल्लं. खार बोटानं पुसून घेतला. बरणी धुतली, उन्हात वाळवली, तिच्या फळीवर उपडी ठेवली.

ती परत आली. वाळली होती. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं फळीकडे पाहिलं. मी तयारच होतो. म्हटलं — बुरशी आली होती गं, फेकून द्यावं लागलं.

तिनं उपडी बरणी सरळ केली, आत पाहिलं, पुन्हा उपडी ठेवली. त्या वेळी मला वाटलं, सुटलो! काय हलकं वाटलं, काय सांगू. पुढं दीड वर्ष आम्ही शेजारी राहिलो. ती शुक्रवारी वरण केलं की वाटीभर आणून द्यायची. मी खायचो.

मागच्या उन्हाळ्यात ती राजापेठेत भेटली. आता ती इकडेच शिकवते. बायको कैऱ्या निवडत होती, विक्रेता अडकित्त्यावर खटाखट फोडी करत होता. मी दोघींची ओळख करून दिली, समुद्रात पडल्याचा किस्सा पुन्हा सांगितला, दोघी पोटभर हसल्या. मग बायकोनं सहज विचारलं, "तुमी नाई घेत का कैऱ्या, बाई? यंदा मस्त आल्या."

मॅडमनं एक कैरी उचलली, हुंगली, परत ठेवली. मी तिथंच उभा होतो. दोन हातांवर. तोंड माझं होतं, भाषा माझी होती, चार शब्द पुरले असते. मी कैऱ्यांची पिशवी उचलली आणि ती फाटत तर नाही ना, ते बघू लागलो.

ती बायकोला म्हणाली, "मी नाई घालत लोनचं, वहिनी. मायच्या हातच्या शेवटच्या लोनच्याले बुरशी आली होती. तिचा हात तवाच थकला होता — लोनच्याले समजलं, मी पोटची पोरगी, मले नाई समजलं."