धुळे काय म्हणतं?

दिनू गेल्याचा फोन लॅबमध्ये आला तेव्हा मी स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरून उभी होते. फोन धुळ्याहून त्याच्या शेजाऱ्यांचा होता. डॉक्टरांनी तो घेतला, ऐकला आणि माझ्या कानाशी धरला. मी ऐकलं. मग हातातली तपासणी पुरी केली, रिपोर्ट लिहिला आणि बसस्टँड गाठला. नंतर नातेवाइकांत याची चर्चा झाली म्हणे. झाली असेल. ज्याचा नमुना होता तो माणूस बाहेर बाकावर बसून होता, त्याला रिपोर्ट हवाच होता.

दिनकर माझा धाकटा भाऊ. धुळ्यात एका शाळेत लिपिक होता, लग्न केलं नाही, एका खोलीत राहायचा. एकेचाळिसाव्या वर्षी गेला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. शेजाऱ्यांनी बेशुद्धावस्थेत दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. आमचे आबाही याच दुखण्याने गेले होते. त्यांना मी मुंबईला नेलं होतं. "माले घर ली चाल," असं ते रोज म्हणायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. तिथल्या वॉर्डातच ते गेले. तेव्हा त्यांच्या उशाशी दिनू बसलेला होता.

दिनूला एकच नाद होता, चित्रकथांचा. हिंदीतल्या, बत्तीस पानी, मुखपृष्ठावर छाती फुगवलेला कोणीतरी उडतोय अशा. वज्रकेतू नावाचा त्याचा एक आवडता वीर होता, दर महिन्याला नवा अंक. मी राहते ते जळगाव मोठ्या रेल्वेलाइनवर, म्हणून नवे अंक आधी आमच्या स्टेशनवरच्या स्टॉलवर यायचे आणि धुळ्याला चार-सहा दिवसांनी. तेवढा धीर त्याला नव्हता. म्हणून मी लॅबला जाताना अंक घ्यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून बँडेजच्या पट्टीने बांधायचे आणि धुळ्याच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. आठवड्याने तेच पुडकं परत यायचं. ते मी जाता-जाता आमच्या गल्लीतल्या शेठजींच्या दुकानात टाकायचे. शेठजी किराणा विकायचे आणि दुकानाच्या एका कोपऱ्यात चित्रकथा भाड्याने द्यायचे.

परत येणाऱ्या प्रत्येक अंकात टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असायची. त्या अंकाबद्दल दिनूचं मत. चित्र कुठे चुकलं, खलनायक कुठे मूर्ख वाटला, मागच्या अंकात डाव्या हाताला लागलेला मार या अंकात उजव्या हाताला कसा गेला. शेठजी त्या चिठ्ठ्या बिलं अडकवायच्या तारेला लावून ठेवत. गिऱ्हाईक यायचं आणि अंक हातात घेण्याआधी विचारायचं, "शेठजी, धुळे काय म्हणतं?" शेठजी तारेवरची चिठ्ठी वाचून दाखवायचे. दिनूने शिव्या घातलेला अंक हमखास जास्त वेळा भाड्याने जायचा.

मी एकही चिठ्ठी कधी वाचली नाही. पुडकं सोडायचेच नाही. एकदा तो सुट्टीत आला असताना मी म्हटलं, "चाळीस वरीसना व्हयना रे दिन्या, आजून चित्रं दखस!"

"चित्रं नही अक्का, चुका दखस," तो म्हणाला. "तू लघवी तपास. हाई काम मनं शे." चुका शोधणं त्याचं काम, म्हणे.

दिवाळीत तो आला तो शेवटचा. चेहरा भरलेला दिसला. मी म्हटलं, "अंग भरलं की रे तुझं, मेसवाली बदलली वाटतं." तो हसला. फराळाचं ताट तसंच ठेवलं, तोंडाला चव नाही म्हणाला. चकल्यांत तिखट जास्त झालं असेल असं मला वाटलं... बावीस वर्षं मी हेच तपासते आहे, आणि सुजलेल्या चेहऱ्याला मी अंग भरलं म्हटलं. पौषात शेठजींनी मला दुकानाच्या पायरीवर थांबवलं होतं. "ताई, भाऊ हल्ली फार कडक लिहितात. वज्रकेतूला विष चढलंय ना, तर म्हणतात बठ्ठं, सगळंच खोटं दाखवलंय." मी म्हटलं, "त्याला दुसरा उद्योग नाही," आणि पुडकं काउंटरवर ठेवून निघाले. उशीर होत होता.

तेराव्यानंतर शेठजी घरी आले. सोबत तारेवरून काढलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. म्हणाले, "तुमच्या भावाचं अक्षर आहे, दुकानात ठेवणं बरं वाटत नाही." गठ्ठ्यात शेवटच्या चार महिन्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांत वर होत्या. त्या मी ओट्याजवळ उभ्या-उभ्या वाचल्या.

पहिलीत लिहिलं होतं: 'विष चढलेला माणूस असा हिरवा दिसत नाही. सकाळी आधी डोळ्यांखाली सूज येते, मग पाय चपलेत जात नाही. चित्रकाराने कोणाला तरी विचारायला हवं होतं.' दुसरीत: 'वीर मेजवानी जेवताना दाखवला आहे. या अवस्थेत अन्नाचा वास नको होतो, तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटतं.' तिसरीत: 'पान नऊवर तो आडवा झोपला आहे. चूक. छातीत पाणी भरलं की आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसावं लागतं.' चौथीतलं अक्षर वाकडं झालेलं होतं: 'गुरूला सांगितलं असतं तर त्याने लगेच उचलून राजधानीत नेलं असतं. ते नको म्हणून वीर गप्प राहतो. या अंकात एवढंच बरोबर दाखवलं आहे.'

गॅसवर कुकर होता, तो उतरवला. या चारही चिठ्ठ्या माझ्या हातून गेल्या होत्या, माझ्याच पट्टीची गाठ मारून आलेल्या. अर्ध्या गल्लीने त्या वाचल्या. वाचता क्षणी ज्याला कळलं असतं असं माणूस गल्लीत एकच होतं, आणि ते पुडकं न सोडता पुढे देत होतं. मी वाचली असती तर त्याच दिवशी धुळ्याला गेले असते आणि त्याला मुंबईला नेलं असतं, त्याच्या मनाविरुद्ध, आबांना नेलं तसंच. त्याला ते माहीत होतं. म्हणून सांगितलं नाही... पण लिहिलं तरी कशाला? मी वाचत नाही म्हणून माझ्या हाती बिनधास्त दिलं, की कधीतरी वाचीन म्हणून दिलं? मला ठरवता येत नाही. नेल्याने तो वाचला असता असंही मी म्हणत नाही. दोन वर्षं मिळाली असती कदाचित. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

तो गेला त्या दिवशी सकाळीच मी नवा अंक बसने पाठवला होता. दोन दिवसांनी कंडक्टरने तो परत आणून दिला. "घेणारं कोणी आलं नाही, ताई," म्हणाला. तेव्हापासून तो लॅबच्या फडताळावर, औषधांच्या बाटल्यांमागे पडला होता. गेल्या आठवड्यात दोन नमुन्यांच्या मध्ये वेळ मिळाला तेव्हा मी गाठ सोडली आणि पहिल्यांदाच एक अख्खा अंक वाचला. सतराव्या पानावर वज्रकेतूला कोणीतरी मुळी हुंगायला देतं आणि अठराव्या पानावर तो उडतो. मी रिपोर्टच्या कोऱ्या कागदाचा तुकडा फाडला. लिहिलं, 'हे दुखणं एका पानात बरं होत नाही. त्याच्यासोबतच्या एकानेही त्याचे पाय पाहिलेले नाहीत.' टाचणी लावली आणि संध्याकाळी अंक शेठजींच्या काउंटरवर ठेवला.

शेठजींनी चष्मा लावून वाचलं. "ही धुळ्याची?" त्यांनी दबकत विचारलं.

"नाही. जळगावची."

त्यांनी चिठ्ठी रिकाम्या तारेला अडकवली. मी साखर तोलून घेत होते, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि अंक घेऊन गेलं.